‘बरी झालीस, आता रडतीस कशाला?’

(पत्र लिहिणारीची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्र लांब होतं, त्यातला मुख्य भाग देत आहे.)

ताई, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. वय ४६. वीस वर्षं झाली, सोप्यात मशीन टाकून ब्लाऊज शिवते. पावणेदोन वर्षांपूर्वी छातीत डावीकडे कॅन्सरची गाठ लागली. ऑपरेशन करून ती बाजू पूर्ण काढली. मग आठ केमो, मग शेक (रेडिएशन). आता रोज एक टॅमोक्सिफेनची गोळी आणि तीन महिन्यांनी तपासणी, बाकी काही नाही. रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी घरच्यांनी पेढे वाटले आणि त्याच रात्रीपासून मला रडू येतंय. सासूबाई म्हणतात, बरी झालीस, आता रडतीस कशाला?

मशीनवर चादर टाकलीय. टेप हातात घेतली की गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घ्यायला हात पुढं होत नाही. मालक उद्यमनगरात लेथवर आहेत, माणूस चांगला, पण ऑपरेशन झाल्यापासून सोप्यात झोपतात. मुलगी बावीसची, स्थळं येताहेत. सासूबाईंनी बजावलंय, आजाराचं नाव काढायचं नाही. गल्लीतल्या बायका मला वाघीण म्हणतात. मला पाठीत कळ आली तरी वाटतं, परत आलं.

केमोला शेजारच्या खुर्चीवर कागलकडची एक बाई असायची. केस आले की घालीन म्हणून तिनं मला एक हिरवा खण दिला होता शिवायला. दिवाळीच्या आधी ती गेली. खण अजून कपाटात आहे. तिला नेलं आणि मला का ठेवलं? सगळे म्हणतात, अंबाबाईनं तुला कशासाठी तरी ठेवलंय. कशासाठी, ताई? मला काहीच करावंसं वाटत नाही. घरात बोलतो तसं लिहायचं तर, दमलो बघा मी.

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं, शेवटची ओळ तिसऱ्यांदा. आपल्याकडची बाई ‘दमलो’ म्हणते तेव्हा तिला आधी बसायला पाट द्यावा, बोलणं नंतर. तेव्हा बसा. हे उत्तर लांबणार आहे, एका बैठकीत वाचून झालं नाही तरी बिघडत नाही. केमोनंतर बऱ्याच जणींचं वाचताना लक्ष टिकत नाही, साधे शब्द आठवत नाहीत, गॅसवर दूध ठेवलेलं विसरतं. तुमचं तसं होत असेल तर ‘डोकं कामातून गेलं’ असं मनात आणू नका. पुष्कळ जणींचं हळूहळू सुधारतं.

आणखी एक आधीच सांगते. मला स्वतःला हा आजार झालेला नाही. समुपदेशनाच्या कामात अशा बायकांसोबत बसण्यात बरीच वर्षं गेली, तेवढीच माझी शिदोरी. त्यामुळे ‘मला कळतंय’ असं मी म्हणणार नाही. काही काही दिसतं, ते सांगते.

पेढे वाटले त्याच रात्री रडू यावं याचं तुम्हाला नवल वाटतंय. मला नाही वाटत. उपचार चालू होते तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या होत्या. केमो कधी, रक्त कधी तपासायचं, शेक किती राहिले. घर तुमच्याभोवती फिरत होतं, डॉक्टर, सिस्टर रोज विचारत होते. अंगानं सगळं सोसलं आणि मनाला म्हणालं, तू थांब, तुझं नंतर बघू. ते ‘नंतर’ आता आलंय. नेमकं आत्ताच कॅलेंडर कोरं झालं आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला. तुम्ही एक अवयव गमावलाय, केस गमावले होते, झोप गमावली, मैत्रीण गमावली. यातल्या एकाचंही सुतक धरायला तुम्हाला सवड मिळाली नाही. म्हणून सासूबाईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की बरी झाली म्हणूनच रडतीय. आजारी होती तेव्हा रडायला वेळ कुठं होता?

पण सगळंच मनावर ढकलू नका, शरीराचंही बघा. टॅमोक्सिफेननं पुष्कळ जणींना एकाएकी अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, मानेला घाम फुटतो, रात्री दोनदा-तीनदा जाग येते. रोज अशी मोडकी झोप मिळाली तर धडधाकट माणूसही रडकुंडीला येईल. पुढच्या तपासणीला हे डॉक्टरांना सांगा. त्यावर उपाय असतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ हेही तपासायला सांगा. वैतागून गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. ती साधारण पाच वर्षं चालते, काहींना दहा वर्षंही देतात, आणि आजार परत येण्याचा धोका कमी करणं हेच तिचं काम आहे. थकव्याचं म्हणाल तर एक उलटी गोष्ट आहे, हा थकवा पडून राहिल्यानं जात नाही. चालल्यानं कमी होतो. रंकाळा तलावाला अख्खा वेढा घालायची गरज नाही. संध्यामठ दिसेपर्यंत जावं, कठड्यावर बसावं, परत यावं.

आता जरा गंभीर बोलते. दोन आठवड्यांहून जास्त काळ, रोज, दिवसभर मन खाली बसलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, खाण्यावरची वासना उडाली असेल, तर तो नुसता दुःखाचा भर राहिलेला नाही, ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. पत्रातल्या ‘काहीच करावंसं वाटत नाही’ या वाक्याशी मी बराच वेळ थांबले होते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन या. जाताना टॅमोक्सिफेन चालू आहे हे न विसरता सांगा, कारण नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, या गोळीच्या कामात अडथळा आणतात. तसा अडथळा न आणणारी दुसरी औषधं आहेत, डॉक्टर त्यातलं बघून देतील. आणि कधी ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असा विचार मनात आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, तपासणीच्या तारखेची तर नाहीच. टेलिमानस ही सरकारी मदतसेवा आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.

आता तुमचा मोठा प्रश्न. अंबाबाईनं कशासाठी ठेवलंय?

हे बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, याबद्दल शंका नाही. पण ऐकणारीच्या पदरात ते बिलासारखं पडतं. वाचलीस ना, मग आता हप्ते भर. काहीतरी मोठं करून दाखव, चार जणींना धीर दे, हसत राहा, वाघीण हो. मला विचाराल तर तुमच्यावर असं कुठलंही देणं नाही. देवीला मी मानते, दर मंगळवारी जाते, आणि तिनं कुणाचा जीव व्याजानं दिला असेल असं मला वाटत नाही. काही न करता, कुणाला काही न सिद्ध करता, नुसतं जगायला तुम्ही मोकळ्या आहात. वाघीण व्हायचं नसेल तर होऊ नका. (वाघिणीलाही दिवसातले बरेच तास झोप लागते, हे कुणी सांगत नाही.)

आणि कागलच्या मैत्रिणीचं. ‘तिला का, मला का नाही’ याचं उत्तर तुम्ही पाप-पुण्याच्या हिशेबात शोधताय. ते तिथं सापडणार नाही. छातीचा कॅन्सर असं एकच नाव असलं तरी आजार एकच नसतो. तुम्हाला टॅमोक्सिफेन दिलंय याचा अर्थ तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी होती, तिला अडवणारी गोळी आहे. काहींच्या गाठीला हार्मोनशी देणंघेणं नसतं, तिथं ही गोळी चालत नाही, दुसरे मार्ग धरावे लागतात. शिवाय कधी सापडलं, कुठवर पसरलं होतं, औषध अंगी लागलं की नाही, याने फरक पडतो. तिची गाठ कुठली होती हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. तुम्ही जास्त लायक होता म्हणून राहिलात असं नाही, आणि तिच्या वाट्याचं आयुष्य तुम्ही घेतलंत असंही नाही. तुम्हाला वाईट वाटतंय कारण ती तुम्हाला आवडत होती. अपराधीपण त्यात नंतर कुणीतरी कालवलंय. ते निवडून बाजूला काढता येतं, वेळ लागतो.

अर्थ शोधण्याबद्दल जगात बरंच बोललं गेलंय. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांतून वाचले; त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाला अर्थ तीन वाटांनी भेटतो. हातून होणारं काम, कुणावरची माया किंवा एखादा अनुभव, आणि टाळता न येणारं दुःख आपण कसं पेलतो ते. त्यांच्या विचारावरून पुढं न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी समुपदेशनाची एक पद्धतही तयार झाली. मला त्यातली एकच गोष्ट तुमच्यासाठी उचलायचीय. ‘मला का ठेवलं’ हा वर बघून विचारायचा प्रश्न आहे आणि वरून उत्तर येत नाही. ‘आज मला कशाची आठवण येतेय’ हा खाली, घरात बघून विचारायचा प्रश्न आहे. त्याला उत्तर येतं. तुमच्या पत्रात ते आलेलंच आहे. तुम्ही मशीनवर चादर टाकलीत, मशीन विकलं नाहीत.

तुम्ही शिवणकाम करता म्हणून ‘उसवलेलं आयुष्य पुन्हा शिवा’ असलं वाक्य मी लिहिणार नाही, घाबरू नका. खऱ्या टेपबद्दल बोलू. दिवसातून दहा वेळा परक्या बाईच्या छातीला टेप लावायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा, वहीत लिहायचा, टक्स कुठं येतील ते बघायचं. हा तुमचा धंदा, आणि नेमका त्याच जागी घाव. हात पुढं होत नाही यात काही विचित्र नाही. मग माप घेऊच नका. सांगा गिऱ्हाइकाला, ‘मापाचा ब्लाऊज घेऊन या.’ निम्म्या बायका तसाही आणतातच. किंवा पहिले काही आठवडे फॉल-पिको, परकर, लहान मुलींची झबली एवढंच घ्या. दिवसाला अर्धा तास, मग उठायचं. डाव्या काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याची शक्यता पुढं बरीच वर्षं राहते. नेहमीची बांगडी घट्ट व्हायला लागली, हात जड वाटला, तर लगेच दाखवा. पाण्याने भरलेली कळशी डाव्या हातानं उचलू नका. सुई टोचून जखम झाली, लाली आली तरी दुर्लक्ष नको, म्हणून डाव्या बोटात अंगुस्तान घालाच, वीस वर्षं घातलं नसेल तरी. हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आणि पहिला ब्लाऊज स्वतःचा शिवा. इथं मी माझ्या थोरल्या मावशीची गोष्ट सांगते. १९८०चं दशक. तिला हाच आजार झाला, घरात शब्द कधी निघाला नाही. ‘मावशीला गाठ आलीय’ एवढंच. ऑपरेशननंतर ती चोळीत जुन्या धोतराचा बोळा ठेवायची. एकदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला वाकून नमस्कार करताना तो बोळा सरकला. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही. त्यानंतर मावशी कुणाच्याच हळदीकुंकवाला गेली नाही. आम्हा पोरींना वाटायचं, मावशी शिष्ट आहे. हे खरं काय होतं ते मला आईनं सांगितलं तेव्हा मावशीला जाऊन बारा वर्षं झाली होती.

तुमच्यावर ती वेळ यायचं कारण नाही. आता सिलिकॉनचे उरोज मिळतात, त्यांना वजन असतं त्यामुळं खांदा एका बाजूला झुकत नाही, पाठ कमी दुखते. ते महाग पडतात, पण घरात घालायला सुती, हलके पॅडही चालतात. ते जागेवर राहावं म्हणून आतून खिसा लागतो, आणि तो अस्तरात कसा बेतायचा हे मला काय कळणार, तुम्हाला कळेल. कटोरी घ्यायची की प्रिन्सेस कट, मुंढा किती वर घ्यायचा म्हणजे व्रण काचणार नाही, सगळं तुमच्या हातातलं आहे. आणि काहीच न भरता, सपाट बाजूला सपाट बसणारा ब्लाऊज शिवायचा असेल तर तोही शिवा. आता कुणी ना कुणी म्हणेलच, अशा बायकांसाठीच शिवत जा, केवढं पुण्य. वाटलं तर करा, कधी तरी, वर्षानं. आत्ता एक शिवा, आणि तो तुमचा.

मालकांबद्दल. ते सोप्यात का झोपतात हे तुम्ही गृहीत धरलंय, विचारलेलं नाही. मी पाहिलेल्या कितीतरी नवऱ्यांना फक्त एवढीच भीती असते की झोपेत हात लागेल आणि हिला दुखेल. काहींना व्रण बघायचं धाडस होत नाही. काहींना दोन्ही. तुमचे कुठल्यातले ते मला माहीत नाही. लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारा माणूस बायकोशी बोलताना नेमकं कुठं थांबायचं ते विसरतो, असं होतं. रात्री अंथरुणावर हा विषय काढू नका. रंकाळ्यावर चालताना काढा. चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, हा मोठा फायदा. एवढंच म्हणा, ‘तुम्ही आत झोपायला आलात तर मला बरं वाटेल.’ बाकीचं हळूहळू. त्याआधी तुम्ही स्वतः आरशात बघितलंय का? नसेल तर आधी तुम्ही. घाई नाही. या गोळीनं जवळिकीच्या वेळी कोरडेपणा, त्रास होऊ शकतो, त्यावर हार्मोन नसलेली जेल मिळतात. हार्मोनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मुलीचं स्थळ. इथं मी सासूबाईंच्या बाजूनं एक वाक्य बोलेन, त्या ज्या काळात वाढल्या तिथं या आजारानं खरोखर लग्नं मोडत होती, आणि अजूनही मोडत नाहीत असं नाही. त्यांची भीती खोटी नाही. उपाय चुकलाय. लग्नानंतर सहा महिन्यांनी विहीणबाईंना गल्लीतून कळलं तर मुलीच्या वाट्याला काय येईल? आणि वस्तुस्थिती अशी, की शंभरातल्या पाच ते दहा जणींचाच हा आजार आईवडिलांकडून आलेल्या जनुकामुळे असतो, बाकींचा नाही. तुम्हाला पन्नाशीच्या आत झाला, म्हणून जनुक तपासणी करावी का हे डॉक्टरांना विचारून घ्या. ती आधी तुमच्या रक्तावर होते. त्यात काही निघालं नाही तर मुलीच्या मनावरचं ओझं बरंच उतरेल, आणि निघालं तर तिनं कुठल्या वयापासून कुठल्या तपासण्या करायच्या ते ठरवता येतं. पण हे सगळं तिला तुमच्या तोंडून कळू दे. ती बावीसची आहे. कुणाला, कधी, किती सांगायचं हे तिचं तिला ठरवू द्या. सासूबाईंशी तीच बोलली तर जास्त उपयोग होईल, नातीचं ऐकतात त्या, बहुतेक आज्या ऐकतात.

पाठीत कळ आली की ‘परत आलं’ वाटतं, हे बहुतेक सगळ्याच जणींना होतं, तपासणीच्या आधीचा आठवडा तर विचारूच नका. डॉक्टरांकडून एकदा कागदावर लिहून घ्या, कुठली लक्षणं लगेच कळवायची, कुठली नाही. नवं दुखणं दोन आठवडे टिकलं तर फोन करायचा, असा साधा नियम बऱ्याच जणींना पुरतो. दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी वर्षाला एकदा. आणि रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधायचं बंद.

राहता राहिला तो हिरवा खण.

पत्रात तुम्ही त्याच्यावर एकच ओळ लिहिली आहे आणि मला वाटतं, सगळं पत्र तिथंच अडकलंय. खण कपाटात आहे तोवर ती बाई केस यायची वाट बघत बसलेली आहे, आणि तुम्ही काम घेऊन पूर्ण न केलेल्या. तुमच्या धंद्यात हे बसत नाही. तिच्या घरचा नंबर असेलच तुमच्याकडे. लगेच नको, पण चैत्राच्या आत एकदा फोन करा. तिला लेक आहे का, बहीण आहे का, विचारा. म्हणा, तिचा एक खण माझ्याकडं आहे, तसाच परत देऊ की शिवून देऊ? ‘तसाच द्या’ म्हणाले तर स्वच्छ घडी घालून, दोन बोटं कुंकू लावून देऊन या. ‘शिवून द्या’ म्हणाले तर मापाचा ब्लाऊज मागून घ्या.